आप्पाची हॉकी स्टिक मागायला सिनेमावाले आले

खळ्याजवळच्या भिंतीवर आपटणाऱ्या चेंडूचा टक्‌ टक्‌ आवाज अजून कानात आहे. थोरला भाऊ आप्पा हॉकीचा सराव करायचा आणि त्याच ठेक्यावर मी शाळेतली कविता मोठ्यानं म्हणायचो.

मित्रहो, आज दुपारी कडावच्या आमच्या घरी दोन सिनेमावाले आले. आप्पाच्या आयुष्यावर चित्रपट काढतायत म्हणे, त्यासाठी त्याची स्टिक हवी. मला संशय आला. तोंडावरच विचारलं, "गेलेल्या माणसाला दारुडा दाखवलात, तर जाब कोण विचारणार?"

त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "काका, तो खेळताना तुम्ही कविता म्हणायचात ना?"

मी चरकलोच. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. हिला कुणी सांगितलं? विचारलं तर नुसती हसली. मी स्टिक दिली नाही.

तुम्ही दिली असती का? एवढं लिहितोय तोच कडी वाजली. दारात वहिनी! आप्पा गेल्यावर लोधिवलीला माहेरी गेल्या, त्या आज प्रथमच या उंबऱ्यावर.

"भावजी, पोरांना चहाबी दिला नाय तुमी? कवितेचं मीच सांगितलं त्यांना. हे रोज आठवण काढायचे. द्या ती स्टिक. जाब विचारायला मी हाय."