बुरुजाचा घेर

बुरुज मोजायला आमच्याकडे हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी होती. मी एका अंगाला टोक धरून उभा राहायचो. मित्र दोरी घेऊन बुरुजाला वळसा घालायचा आणि परत माझ्यापाशी यायचा. मग गाठी मोजून आकडा वहीत. आम्ही दोघं बारामतीला मास्तर. रविवारी सायकली काढायच्या आणि इंदापूरपर्यंतच्या पडक्या गढ्या पालथ्या घालायच्या. मासिकातून कापलेलं युरोपातल्या एका किल्ल्याचं चित्र त्याच्या खिशात असे. "देश आपल्या दोन-चार तालुक्यांएवढा, पण एकेका गढीचा नकाशा आहे त्यांच्याकडे," म्हणायचा.

पारावरचे म्हातारे विचारत, "मास्तर, गढीला बंडी शिवताय व्हय?"

"शिवतोय आबा. कापड तेवढं तुमी द्या."

गढीची पांढरी माती लोक उसाला खत म्हणून नेत. मित्राला ते खपत नसे. "किल्ले खाऊन ढेकर देतात," म्हणायचा. मी हसायचो. त्याच पौषात थोरल्या भावाने आणि मी इंदापूर रस्त्यावरच्या एका गढीची माती कन्हेरीच्या आमच्या रानात ओढली होती. बुरुजाच्या मागच्या अंगाला माणूस वाकून आत जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

चैत्रात तो म्हणाला, आज ती गढी. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी टोक धरलं. मागं जपून जा, एवढं तरी म्हणायचं. तुला कसं ठाऊक, असं त्याने विचारलं असतं, म्हणून तेही म्हटलं नाही. तो शीळ घालत मागं गेला. शीळ थांबली.

"कुणी पोखरलंय रे हे?"

मी हातातली गाठ चाचपत राहिलो. तो आत डोकावला असावा. बुरुज ढासळल्याचा आवाज फार मोठा नव्हता. धूळ अंगावर आली आणि दोरी हातात सैल पडली.

गावकऱ्यांनी उकरून काढला तेव्हा तो गेलेला होता. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी हजेरी घेतली, त्याच्या वर्गाचीही. वहीत त्या बुरुजापुढे जागा कोरी आहे.

त्याची आई सुप्याला असते. इतकी वर्षं दर दिवाळीला तिच्याकडे जात आलो, पण हे कधी बोललो नाही. परवा बोललो, सगळं. ती बाजरी पाखडत होती. सूप थांबलं.

"त्या साली ऊस कसा आला हुता?"

"चांगला आला."

"गूळ आणून दिला हुतास मला."

"व्हय."

"त्याच रानातला?"

"व्हय."

"मी खाल्ला," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.