भाऊजींचं बोटीचं इंजन

फोन आला तेव्हा मी पलीकडच्या काठावर भाऊजींची वाट बघत उभी होते, अन् खरं सांगायचं तर चांगलीच तापले होते. शाळा सुटून बराच वेळ झालेला, धरणाच्या फुगवट्यावर वारं सुटलेलं, आणि आमच्या नावेचा पत्ता नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दिगंबर. सकाळी मला शाळेकडं सोडून ते इंजनाच्या पंपाचं रबर आणायला बीडला गेले होते. "तुमी सुटायच्या आत काठावर हजर, वैनी," असं बजावून गेलेले. फोनवर आमचे हे होते. "दिगू गेला," एवढंच बोलले. कसंबसं विचारलं, "पाण्यात?" ... "न्हाई गं. बीडच्या स्टँडवर. बाकड्यावर बसल्या बसल्या." छातीत कळ आली, संपलं. पाण्यात नाही हे ऐकून मला आधी हायसं वाटलं, काय म्हणावं त्याला! मग समोरचं पाणी बघितलं. आता मला घरी कोण नेणार? रडायच्या आधी मी भ्यायले. शेवटी हेडमास्तरांनी मोटारसायकलवर लांबच्या रस्त्यानं आणून सोडलं.

माझं माहेर डोंगरपट्ट्यातलं. पाणी बघितलं ते आडातलं नाहीतर टँकरमधलं. लग्न होऊन या गावात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, तर शाळा नेमकी फुगवट्याच्या पलीकडं. जुना रस्ता धरणानं गिळलेला, फिरून जायचं तर त्या बाजूला एसटी नाही. मग वल्ह्याची नाव. तिला पलीकडं पोचायला इतका वेळ लागायचा की माझा जीव पार मेटाकुटीला यायचा. बुडालेच तर तरंगायला म्हणून गोड्या तेलाचा रिकामा कॅन छातीशी धरून मी डोळे मिटून बसायची. पोरं हसायची, हसू देत. एकदा भाऊजी पंचमीला गावी आले होते, ते माझ्यासोबत नावेत बसले. माझा अवतार बघून आधी म्हणाले, "वैनी, हा कॅन घेऊन तुमी तरंगत डायरेक्ट नांदेडलाच निघाल की!" पण उतरताना म्हणाले, "तुमची भीती काय मला काढता यायची न्हाई. पाण्यावरचा वेळ तेवढा कमी करता येतो का बघतो."

त्यांचं गॅरेज तेव्हा पाटोद्याला होतं. ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, असली कामं. कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्यांनी बोटीमागं लावायचं एक जुनंपुराणं इंजन उचलून आणलं. सगळा पाटोदा बघायला लोटला. "प्यायला पाणी न्हाई अन् हा बोटीचं इंजन घेऊन आलाय बे!" त्याचा दट्ट्या पार जाम झालेला. भाऊजींनी तो डिझेलमध्ये भिजत घातला, लाकडी हातोडीनं रोज हलक्या हातानं ठोकला, शेवटी सुटला एकदाचा. असलं इंजन कोरडं चालवलं तर जळून जातं, त्याची शेपटी पाण्यातच लागते. म्हणून त्यांनी माझ्या जावेनं, सुमननं, टँकरवरून भरून आणलेला ड्रम त्यासाठी पळवला. इंजन धूर ओकत सुरू झालं आणि आठवडाभराचं पाणी काळंकुट्ट! सुमन त्या दिवशी त्यांच्याशी जी भांडली, ती दोन गल्ल्यांना ऐकू गेली.

पुढं गॅरेज मोडून ते गावी आले, इंजन आमच्या नावेला लावलं, शेती अन् नाव बघायला लागले. ओल्या हवेत इंजन रुसायचं, म्हणून ठिणगीची जुनी यंत्रणा काढून एका मोडक्या स्कूटरमधली इलेक्ट्रॉनिक बसवली. कार्बोरेटर बदलला. दर बदलानं माझं पाण्यावरचं बसणं थोडं थोडं आखूड होत गेलं. भाऊजी नाव चालवताना अखंड बडबडायचे, गाणी म्हणायचे, हेडमास्तरांची नक्कल करायचे. मला वाटायचं, या माणसाला भीती म्हणून माहीतच नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघंच होतो, मधोमध आलो आणि पंखा पाण्याखालच्या बुडालेल्या बाभळीवर आदळला. पंख्यात एक मऊ पितळी पिन असते, ठोकर बसली की ती तुटते आणि आतले दाते वाचतात. ती तुटली. इंजन नुसतं किंचाळायला लागलं, नाव जागची हलेना. वाऱ्यानं ती आडवी फिरवली, पाणी आत यायला लागलं. भाऊजींनी इंजन बंद करून वर उचललं, खिशातली नवी पिन दातात धरली आणि मागच्या फळीवरून पोटापर्यंत बाहेर वाकले. वाकायच्या आधी म्हणाले, "वैनी, तो कॅन टाका. माझा पट्टा धरा. कायबी झालं तरी सोडू नका." मी दोन्ही हातांनी कमरेचा पट्टा धरला. त्यांचं अंग थरथरत होतं, मला वाटलं गारठ्यानं. पिन बसली, इंजन सुरू झालं, काठ आला. घरी मी सगळ्यांना सांगत सुटले, भाऊजी किती हुशार, मी घाबरू नये म्हणून मला कामाला लावलं!

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तीच गोष्ट मी सुमनला सांगत होते. ती म्हणाली, "आक्का, त्यांना कुठं पोहता येत होतं! ल्हानपणी विहिरीत पडलते, तवापासून गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले न्हाईत. तुमाला सांगू नको म्हणले होते. तुमी नावेत बसला नसता." त्यांनी मला कामाला लावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा जीव खरोखरच माझ्या मुठीत होता, आणि मी डोळे मिटून देवाचं नाव घेत बसले होते... मूठ सैल पडली असती तर? हा विचार आला की भरल्या ताटावरून उठावंसं वाटतं.

हे म्हणतात, बदली मागून घे. यांचा खांदा कामातून गेलाय, इंजनाची दोरी त्यांना ओढवत नाही. पण पलीकडं आम्ही दोनच शिक्षक, आणि मी गेले तर त्या पाण्यावरून रोज यायला दुसरं कोण तयार होणार? काल मी आणि सुमन काठावर गेलो. नाव खुंटाला बांधून ठेवली आणि भाऊजी ओढायचे तशी दोरी ओढली. चार-पाच वेळा काहीच नाही. मग एकदम भडका उडाल्यासारखा आवाज झाला, नाव गदगदली, अन् मी बाई अशी घाबरले की मटकन खालीच बसले. सुमन हलली नाही. तिनं इंजनाच्या झाकणावर तळहात ठेवला. ते तापायला लागलं तरी तिनं हात काढला नाही.

"तुला पोहता येतं का गं?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "सोमवारी कितीला निघायचं?"