मामी गप्प झाली ते वर्ष

एखादं लेकरू वेळेवर बोललं नाही, तर तुम्ही आधी कोणाकडे पाहता? लेकराकडे, की त्याच्या आईकडे?

माझ्या मामीला ती नजर पाठ होती. म्हणून कोणी विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची, "हा पोटात असताना मी सुया घेतल्या होत्या ना, म्हणून." ती राहायची त्या कांचघर मोहल्ल्यातल्या हिंदी भाजीवाल्यालाही तिनं हे सांगितलं होतं. तो बिचारा म्हणाला, "दीदी, मैंने तो बस पूछा, पालक दूँ कि मेथी."

मुलाच्या, सुगतच्या वेळी आठव्या महिन्याच्या तोंडाशीच तिला कळा सुरू झाल्या. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. बाळ जगलं, काही दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण अडीच वर्षांचा झाला तरी सुगत बोलेना. तेव्हा एका बारशात कोणीतरी मोबाइल पुढं करून म्हणालं, त्या सुयांनी पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो म्हणे. त्या दिवशी मामीनं स्वतःवर खटला भरला आणि निकालही स्वतःच देऊन टाकला.

मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलेली मुलगी. मी तावातावानं म्हटलं, तुला नीट न समजावता सुया टोचल्या, दोष त्यांचा आहे. मामी कणीक तिंबत होती. म्हणाली, "समजावलं असतं तरी मी हात पुढंच केला असता ना वं. त्याचा श्वास पाहू का त्याचं बोलणं पाहू?"

मामी मूळची बडबडी. कणकेशी बोलायची, पाण्याच्या मोटारीशी भांडायची. कुकरची शिट्टी झाली की त्याला दटावायची, "काहून ओरडून राहिला रे?" पण घरात ठरलं, दोन भाषांनी पोर गोंधळतं. नर्सरी हिंदी, गल्ली हिंदी, मग घरातही हिंदीच. मामीची हिंदी बाजारापुरती होती. तिच्यात भाव करता यायचा, लाड करता येत नव्हते. आपण याचं आधीच एवढं नुकसान केलं, आता मराठीनं आणखी नको, म्हणून ती गप्प झाली. घरात एकटा कुकर बोलायचा.

शेवटी मामा तिला आणि सुगतला राइट टाउनमधल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मीही गेले. सुगतचे कान तपासले, ते ठीक होते. सुयांचं मामीनं पहिल्याच वाक्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, अशा सुयांमुळं वेळेआधी जन्मलेली कितीतरी बाळं श्वास घेऊ शकतात. त्यांचा पुढच्या वाढीवर काही परिणाम होतो का, याचा अभ्यास अजून चालू आहे. पण लवकर जन्मलेली मुलं तशीही उशिरा बोलू शकतात, तेव्हा या एका मुलाचं कारण कोणीच बोट ठेवून सांगू शकणार नाही. मग त्यांनी विचारलं, घरात याच्याशी जास्त कोण बोलतं? मामानं मराठी बंद केल्याचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भैया, माँ की बोली काहे बंद करवा दी?"

परतताना ऑटोत मामी एकदम सुरू झाली. बकरी दाखव, पाटी दाखव, ऑटोवाल्याच्या हॉर्नला रागव. घरी आल्यावरही थांबेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले बोलण्याचे व्यायाम होतेच. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी शिट्टी झाली आणि सुगत कुकरकडे बोट करून म्हणाला, "काहून?"

मामी हसली, आणि तिथंच ओट्याला टेकून रडली. "मी वर्षभर उगीच गप्प बसली वं." सुयांचा गुन्हा डोक्यावर होताच, त्यात तिनं हा दुसरा जोडून घेतला.

गेल्या वर्षी मामाची बदली झाली. मी स्टेशनवर पोचवायला गेले. सुगत आता खूप बोलतो, पण त्याचे शब्द अजून अडखळतात. डब्यात समोरच्या सीटवरच्या एका बाईंनी ते ऐकलं आणि मामीकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

"नाही, ते काय झालं, हा पोटात असताना मी..." मामी म्हणाली आणि थांबली. खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. गाडी हलली. तिनं ते वाक्य पुरं केलं की नाही, मला ठाऊक नाही.

कधीतरी त्या समोरच्या सीटवर तुम्ही असाल. तेव्हा आईकडे पाहू नका. लेकराकडे वाका आणि त्यालाच विचारा, काय म्हणतोस रे? आणि त्याचं सांगून होईपर्यंत थांबा.