घासलेला पाव आणा

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, आमच्या भिंतीला लागून भोजराजजी राहत. नोकरी त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात, आणि घरी आल्यावरही तपासणीच. फरक एवढाच की घरी ते जुने तांब्याचे पैसे तपासत.

कोणी नाणं घेऊन आलं की ते त्याला आधी खिडकीशी नेत. बल्बच्या उजेडात नाणं बघणं त्यांना मान्य नव्हतं. कडेनं दोन बोटांत धरायचं, तिरप्या उन्हात सावकाश फिरवायचं, मग भिंग. कंपनी सरकारच्या पाव आण्यावर दोन सिंह असतात. त्या सिंहांवरून त्यांनी स्वतःचे चार वर्ग पाडले होते.

"पहिल्या वर्गात आयाळीचे केस दिसले पायजे. दुसऱ्यात आयाळ आहे, केस गेले. तिसऱ्यात सिंह आहे का कुत्रं, इचारा लागते. आन् चौथ्यात इथं कोनतं तरी जनावर होतं म्हने."

घासून चकचकीत केलेलं नाणं मात्र कुठल्याच वर्गात बसत नसे. तांब्यावर शंभर-दीडशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही, म्हणून ते अशा नाण्याकडे नीट पाहतसुद्धा नसत. "वर्गाबाहेर," एवढंच म्हणत आणि नाणं परत करत. आणणारा हिरमुसला होऊन जाई. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मला त्यांच्या छंदाची भीती वाटायची. माझी चंद्रकांता तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात जात होती आणि संध्याकाळी त्यांच्याकडे नाणी बघत बसे. तांब्यावरचा हिरवा गंज विषारी असतो, असं मी वाचलेलं. ती घरी आली की मी तिला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावी. भोजराजजींना हे कळलं तेव्हा ते भिंतीपलीकडून ओरडले, "वहिनी, तुमची काळजी पहिल्या वर्गाची आहे. एक ओरखडा नाही!"

अठ्ठ्याहत्तर साली त्यांना अड्याळच्या बाजारात, मोडीच्या भांड्यांच्या ढिगात, अठराशे पस्तीसचा एक पाव आणा सापडला. आयाळीचे केस स्पष्ट. रंग पिकलेल्या चिंचेच्या बोटकासारखा. इतक्या वर्षांत त्यांच्याकडचं एकही नाणं दुसऱ्या वर्गाच्या वर गेलं नव्हतं. दिवाळीनंतर नागपूरला नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे परीक्षक वर्ग ठरवून प्रमाणपत्र देणार होते. त्या कागदाची त्यांना फार वर्षांची आस होती. कुठल्या भिंतीवर खिळा ठोकायचा, तेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते नाण्यांचा डबा पूजेत ठेवत. त्या वर्षी धनत्रयोदशीला सकाळी ड्यूटीवर जाताना त्यांनी डबा काढून पूजेच्या भांड्यांजवळ ठेवला आणि कारखान्याची बस गाठली.

त्यांच्या पत्नी शकुनबाई भंडाऱ्याच्या. माहेरी पितळी भांड्यांचं काम. मळकं तांबं घरात असणं म्हणजे बाईची अब्रू गेली, असं त्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. दुपारी मी चकल्यांचा साचा मागायला गेले तर अंगणात समई, तांब्या, ताम्हण उन्हात झळकत होतं, आणि त्यांच्यापुढे फडक्यावर सगळी नाणी. नव्या पैशासारखी लाल.

"शकुनबाई! हे काय केलं?"

"चिंच आन् राख. काहून? चांगले नाही निंगाले काय? नागपूरले जाऊन राहिले ना ते, मंग असे काळे तोंडाचे पैसे घेऊन जातीन काय?"

मी चंद्रकांताला बसथांब्यावर पिटाळलं, म्हणजे त्यांना वाटेतच कळेल आणि घरी येईपर्यंत राग थोडा उतरेल. पण ती परतली ती भोजराजजींच्या मागे धावतच.

त्यांनी पाव आणा उचलला. खिडकीशी गेले. भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

शकुनबाई पदराला हात पुसत जवळ आल्या. "सांगा ना. कोनता वर्ग?"

मी देवाला हात जोडले. वाटलं, बायकोसाठी तरी हा माणूस काहीतरी गोड बोलेल.

"वर्गाबाहेर," ते म्हणाले.

"वर्गाबाहेर? हात पाहा माहे, सालटं निंगाले! आन् पुजेच्या भांड्यात डबा ठेवला कोनं? मी ठेवला? तुमी ठेवला! पुजेतलं तांबं मी घासनारच!"

डबा भोजराजजींनीच ठेवला होता. ते खुर्चीत बसत म्हणाले, "बराबर आहे तुहं." त्यांचा उतरलेला चेहरा पाहून शकुनबाईंचा राग गेला आणि रडू आलं. मग त्यांनीच उपाय काढला. त्यांचा भाऊ सुखराम मूर्तींना जुना रंग द्यायचा. तो या नाण्यालाही देईल!

भोजराजजी दोन दिवस नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी शकुनबाईंना घेऊन भंडाऱ्याला त्याच्याकडे गेले. नातलगांत भांडण होईल या धास्तीनं मीही सोबत गेले.

सुखरामनं आधी डब्यातलं एक साधं पाव आण्याचं नाणं घेतलं. गंधकाच्या कोमट पाण्यात बुडवलं, वाळवलं, तेलाच्या बोटानं चोळलं. मग ते मोडीतल्या दोन न घासलेल्या पाव आण्यांत मिसळलं आणि तिन्ही पुढे केली. "भाऊजी, खरा जुना रंग कोनाचा, सांगा."

भोजराजजींनी दारातल्या उन्हात बराच वेळ घेतला. मग एक नाणं ठामपणे उचललं. "हा. शंभर टक्के."

"हाच तं मी आत्ता रंगवला!"

शकुनबाईंनी तोंडाला पदर लावला. भोजराजजींचे कान लाल झाले. सुखराम म्हणाला, "तुमाले नाही समजलं, तं नागपूरच्या परीक्षकाले काय समजनार? द्या तो चांगला."

चांगला पाव आणा भोजराजजींच्या मुठीत होता. मूठ उघडली, मिटली. मला वाटलं, देतात. तेवढ्यात ते एकदम म्हणाले, "अरे, मंग मी आजवर किती रंगवलेले पास केले असतीन बे?" आणि स्वतःच मोठ्यानं हसायला लागले. चांगलं नाणं खिशात गेलं, तसंच लाल. रंगवलेलं आणि मोडीतलं एक न घासलेलं मात्र त्यांनी मागून घेतलं.

नागपूरला त्यांनी स्पर्धेतून नाव काढून घेतलं. कोपऱ्यातलं एक टेबल मागून तीन नाणी मांडली: एक न घासलेलं, एक रंगवलेलं आणि तो लाल पाव आणा. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'ओळखा'. चंद्रकांता येणार म्हणून मीही गेले होते. परक्या शहरात मुलीला एकटी कशी सोडणार? टेबलाशी गर्दी हटेना. शकुनबाई जराही न लाजता सांगत होत्या, "हा मी घासला. चिंचेनं. तुमी नका घासू बाप्पा, माहा नवरा दोन दिवस जेवला नाही नीट."

दुपार कलल्यावर परीक्षक आले. म्हातारे, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी भिंग काढलंच नाही. एकेक नाणं नाकाशी नेलं आणि रंगवलेलं बाजूला ठेवलं.

"याला जवसाच्या तेलाचा वास येतोय. पण एवढंच बघून ठरवू नका, वर्षभरात वास जाईल. मग अक्षरांच्या खोबणीत बघायचं."

"खोबनीत काय पाहाचं? दाखवा बरं." भोजराजजींनी त्यांचा हातच धरला आणि दोघं खिडकीकडे सरकले.

समोर मांडवात लाउडस्पीकरवर निकाल सुरू झाला. पहिल्या वर्गाच्या प्रमाणपत्रासाठी कामठीच्या कुणाचं तरी नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मी भोजराजजींकडे पाहिलं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. शकुनबाईही त्यांच्याकडेच बघत होत्या. भोजराजजींनी ते ऐकलंच नव्हतं. परीक्षकांच्या पेटीतली नाणी ते एकामागून एक नाकाला लावत होते, आणि भंडाऱ्याची शेवटची बस चुकेल म्हणून मी दारातून घड्याळ दाखवत होते, तेही त्यांना दिसत नव्हतं.