काळ्या घोड्याची शर्यत

आमच्या गावच्या जत्रेत घोडागाड्यांची शर्यत असते. सकाळी वडील प्रत्येक घोड्याचे पाय आणि छाती निरखत फिरायचे. मागून लोक विचारायचे, “तात्या, आज कोन नंबर मारतंय?”

त्या वर्षी त्यांनी शेजारच्या गावच्या काळ्या घोड्याकडे बोट दाखवलं. तोच पहिला आला, पण निशाण ओलांडून थोडा पुढे जाताच कोसळला. इकडे लोक वडिलांच्या पाठीवर थाप मारत होते. ते गर्दीतून वाट काढत गेले आणि घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. थोड्याच वेळात त्याचा श्वास थांबला.

“मला त्याचं पळनं दिसलं, दमनं दिसलंच न्हाई,” ते मालकाला म्हणाले.

मालक नुसता रडत होता. त्यानंतर वडिलांनी कुणालाच अंदाज सांगितला नाही.