बाळांच्या वॉर्डातल्या वानखेडे सिस्टर

वानखेडे सिस्टर कुणालाच नमस्कार करत नसत. "आधी हात दाखवा," म्हणत. भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या हॉस्पिटलात त्या नवजात बाळांचा वॉर्ड सांभाळत. मोठे साहेब असोत की माझ्यासारखी नवी डॉक्टर, अंगठी-घड्याळ उतरवून हात धुतल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. सिस्टर मूळच्या नागपूरच्या. चिडल्या की थेट तिकडचं बोलत. "काहून घाई करता जी, डॉक्टर? बाळ कुठं पळून चाललं?"

एका उन्हाळ्यात, आठवड्याभरात, दिवस भरण्याआधी जन्मलेली तीन बाळं एकामागून एक मलूल झाली. दूध घेईनात, अंग गार पडू लागलं. तिघांच्याही रक्तात एकच जंतू निघाला आणि आमच्याजवळच्या बहुतेक औषधांना तो दाद देईना. मी आणखी भारी औषधं मागवू लागले. सिस्टर म्हणाल्या, "औषध द्याच. पण हा आईच्या पोटातून नाही आला. आपल्याच घरातला आहे. मी शोधते."

त्यांनी नवी बाळं घेणं बंद केलं. हॉस्पिटलचे मोठे साहेब संतापले. "मेमो द्या," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पण बाळ आत येणार नाही."

दोन दिवस त्या वॉर्डात स्टुलावर बसून प्रत्येकाचं काम नुसतं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक बाटली घेऊन माझ्यासमोर आल्या. बाळाकडे जाणारा ऑक्सिजन या बाटलीतल्या पाण्यातून जाई. ती रोज रिकामी करून, उकळून भरायची असे. कामाच्या गर्दीत कुणीतरी जुन्याच पाण्यात नवं ओतत होतं. नमुना तपासला. तोच जंतू.

दोन बाळं वाचली. तिसरं बाळ, टाउनशिपमधल्याच रेखाची मुलगी, त्याआधीच गेलं होतं.

"पाणी कोण ओतत होतं?" साहेबांनी विचारलं. नाव सिस्टरांना ठाऊक होतं, मलाही.

"वॉर्ड माझा, चूक माझी. तसंच लिहा."

शिक्षा म्हणून वॉर्ड काढून घेऊन त्यांना ओपीडीच्या इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. मी गप्प राहिले, याची लाज अजून वाटते.

मग एका दुपारी त्या मला घेऊन रेखाच्या क्वार्टरवर गेल्या. सुनेने गरोदरपणात नीट काळजी घेतली नाही, असं सासू शेजारीपाजारी सांगत होती. सिस्टर तिच्यासमोर बसल्या. "अम्माजी, बहू की कोई गलती नहीं थी. बीमारी हमारे वॉर्ड से लगी." दाराआडून रेखाचा हुंदका ऐकू आला.

पुढे मी बरेच वॉर्ड सांभाळले. असा जंतू निघाला की कुठलं औषध, याच्या बरोबरीने तो आपल्याकडे आला कुठून, हेही विचारते आणि बहुतेक वेळा शोधून काढते. ही सवय सिस्टरांची.

निवृत्त होऊन त्या नागपूरला निघाल्या, तेव्हा हबीबगंज स्टेशनवर आम्ही चार-पाच जणी होतो. गाडी लागली आणि गर्दीतून रेखा आली, मागून सासू. म्हातारीने पदराखालचा डबा काढून खिडकीतून आत दिला.

"पूरी है. रास्ते में खा लेना, बहनजी."

सिस्टरांनी डबा मांडीवर घेतला. आणि कुणालाच नमस्कार न करणाऱ्या वानखेडे सिस्टरांनी म्हातारीला हात जोडले.