दुपारी आजोबा असण्यास मनाई

समस्त जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दुपारचे जेवण आटोपल्यापासून चहा होईपर्यंत, कुकर लावणे, कडी वाजवणे, शिंकणे, फोनवर बोलणे आणि आजोबा असणे यांस सक्त मनाई आहे. हुकूम मोडणाऱ्यास गॅलरीत हाकलले जाईल.

हा हुकूम माझ्या मुलीने काढला होता. शेवटचं कलम खास माझ्यासाठी होतं, कारण घरात आजोबा मी एकटाच. मिसरूड फुटायच्या आधी खानदेशातून सुरतेला आलो आणि तेव्हापासून लूमच्या खात्यात आहे. ज्यांनी लूमचं खातं आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, तिथे सगळे माग एकदम धडधडत असतात आणि शेजारच्या माणसाला सुताचा तुटका धागा दाखवायचा तरी त्याच्या कानात ओरडावं लागतं. असं आयुष्य काढल्यावर माणसाला कुजबुजता येत नाही. आपण कुजबुजतोय असं त्याला वाटतं, एवढंच. मी जेवताना हळूच 'मीठ दे' म्हटलं, तर शेजारची बाई वाटी घेऊन दारात उभी राहते.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि मी घरचा राजा झालो. नातू कोणाकडेच झोपायचा नाही. आईकडे नाही, आजीकडे नाही, झोळीत तर मुळीच नाही. मी त्याला खांद्यावर टाकायचो, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचो आणि तोंडाने माग चालवायचो. खटाक-खट, खटाक-खट. वळताना म्हणायचो, "जप रे राजा, जप." आमच्या अहिराणीत जप म्हणजे झोप. आणि पठ्ठ्या झोपायचा! त्याची मान माझ्या खांद्यावर पडली की मी सगळ्या गॅलरीकडे असं बघायचो, जणू पडदा पडलाय आणि आता टाळ्या यायला हव्यात.

झोळीत ठेवला की डोळे टक्क उघडे. पुन्हा मी. मला याचा भारी अभिमान होता. चहाच्या टपरीवर सांगितलं, खात्यात सांगितलं, शेठलाही सांगितलं की पोरगा माझ्याशिवाय झोपत नाही. रात्रपाळी लागली की रात्रभर मी खात्यात आणि तो घरी जागा. सकाळी आल्या आल्या मी विचारायचो, "काढली का रे माझी आठवण?"

मुलगी लाल डोळ्यांनी म्हणायची, "काढली ना बाबा. रात्रभर काढली."

मी ते कौतुक समजून आंघोळीला जायचो.

मग तिच्या लॅबमधून फोन आला. ती रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये काम करते. आमच्या घराण्यात सुताच्या धुळीशिवाय दुसरं काही अंगावर घेऊन कामावरून परत येणारी ती पहिलीच. फोनवर सांगितलं गेलं की सोमवारी आलात तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो. सोमवारपासून माझीही दिवसपाळी सुरू होणार होती. उरली माझी बायको. तिचा उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नाही. मुलाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणं तिच्याच्याने होण्यातलं नव्हतं.

"हा पडल्या पडल्या आपला आपण झोपायला शिकला तर मी जाईन," मुलगी म्हणाली. "नाहीतर नोकरी सोडते." तिने हे अगदी हळू सांगितलं. तिला हळू बोलता येतं. आमच्या घरात हे कुठून आलं कोण जाणे.

आम्ही सगळे लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई नाशिककडच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सध्या कसं झोपवता?"

मी पुढे सरकलो. "मी जप म्हणतो ना त्याला. जप म्हटलं की काम झालं."

बाईंचा चेहरा उजळला. "अरे वा! कुठल्या देवाचा?"

माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. मुलगी छताकडे बघायला लागली. मी खुलासा केला आणि प्रात्यक्षिक म्हणून खटाक-खट करून दाखवलं. बाहेर बसलेल्या दोन बायका आपापली मुलं घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आत काहीतरी मशीन बिघडलं.

बाई हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे समजावलं. मुलाला रोज त्याच क्रमाने झोपवा. अंग पुसा, दूध द्या, पडदा ओढा, एक गाणं म्हणा. पेंगुळला की पूर्ण झोपायच्या आधीच गादीवर ठेवा. रडला तर छातीवर हात ठेवा, थोपटा. नाहीच राहिला तर उचला, शांत करा, पुन्हा ठेवा. त्याला एकटं रडत सोडायचं नाही. पण हळूहळू हात कमी करत जायचं. "दरवेळी झोप बाहेरून मिळाली तर ती आपल्यातच आहे हे त्याला कळणार कसं?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही काही दिवस जरा लांब राहा. तुम्ही दिसलात की त्याला खांदा हवा होतो."

झोळी हुकावरून निघाली. भिंतीलगत गादी पडली. आणि दुपारच्या वेळी मी गॅलरीत.

आमच्या शेजारी अमरावतीकडची एक बाई राहते. दिवसभर दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे. पहिल्याच दिवशी तिने वर न बघता विचारलं, "काका, भायेर काहाडलं वाट्टे तुमाले?"

"हवा खायला बसलोय," मी म्हणालो.

"खा, खा. उन्हाची लई मस्त हवा सुटली हाय."

आत नातू रडायला लागला. मी उठलो. खिडकीतून बायकोने डोळे वटारले. मी बसलो. तो असा रडत होता की माझ्या खांद्याला मुंग्या आल्या. आत मुलीचा आवाज येत होता, एकच गाणं, पुन्हा पुन्हा, मध्येच तुटणारं. ती त्याला उचलायची, तो गप्प व्हायचा, ठेवायची, पुन्हा सूर. शेवटी कसाबसा झोपला. ती बाहेर आली तेव्हा तिचा ब्लाउज घामाने भिजलेला होता आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं. मग आणखी कमी. मग उचलायची गरज पडेना, नुसता हात पुरायला लागला. घरात सगळे खूश. मुलीने दारामागचा लॅबचा पांढरा कोट धुऊन इस्त्रीला दिला. मीही सगळ्यांबरोबर मान डोलवत होतो. फक्त दुपारी गॅलरीत बसलो की मनात एक हिशेब चालायचा: आज तरी मला हाक मारतील. आज तरी हिला जमणार नाही. असं मला वाटायचं, माझ्या पोटच्या पोरीबद्दल. हे लिहितानाही मान वर होत नाही.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुलीला कामावर जायचं. दुपारी मी नेहमीच्या जागी बसलो. गाणं सुरू झालं, संपलं, आणि नंतर काहीच नाही. मी वाट बघितली. शेजारणीच्या टिकल्यांची डबी तेवढी वाजत होती. मी चपला काढल्या, पायाच्या चवड्यांवर खिडकीशी गेलो.

मुलगी गादीशेजारी फरशीवरच झोपली होती, तोंड उघडं, हात स्वतःच्याच डोक्याखाली. मुलाच्या छातीवर नव्हता. कित्येक महिन्यांत मी तिला अशी गाढ झोपलेली पाहिली नव्हती. मी तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

तेवढ्यात नातू चुळबुळला. डोळे उघडले. ओठ वाकडा झाला. मला वाटलं, आला, आला माझा प्रवेश! मी गजाला तोंड लावलं आणि आयुष्यात कधी काढला नसेल इतक्या हळू आवाजात म्हणालो, "रड ना रे राजा. एकदाच रड. मी येस ना तुले खांदावर लेवाले."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं, त्यात शंका नाही. गालावर अर्धं हसूही आलं. मग त्याने मूठ तोंडात घातली, दोनदा चोखली, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपला. त्याची आई हललीसुद्धा नाही.

मी वळलो, तर गॅलरीत सगळं थांबलेलं. समोरच्या दारात एक बाई निवडायचं सूप धरून उभी. खाली गल्लीत भाजीवाल्याचा तराजू हवेतच, मान वर. गॅलरीकडे उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराशी माझी बायको, हातात चिमटा, आणि ती माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होती. तेव्हा मला कळलं, माझी कुजबूज कुठवर गेली ते. मी चपला शोधायला लागलो. एकच सापडली.

शेजारीण टिकलीचं बोट तसंच हवेत धरून माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "काऊन रडवता काका त्याले? पोरीले उद्या ड्यूटीवर जाचं हाय ना!"